परक्या संताची मिरवणूक

दर वर्षी १७ मार्चला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून एक मिरवणूक निघते आणि ती तासन्‌तास चालते. तीत चित्ररथ नसतात, मोटारी नसतात. माणसे पायी चालत असतात. आघाडीला ६९ वी पलटण, तिच्यामागे आयर्लंडच्या परगण्यांची नावे फलकांवर मिरवणारी मंडळे, पोलिसांची व अग्निशामक दलाची पथके, शाळांचे बँड आणि बॅगपाइप वाजवणारे वादक असा तिचा थाट असतो. शिकागोत त्याच सुमारास नळ-कारागिरांच्या संघटनेचे लोक नदीत रंग सोडतात आणि नदीचे पाणी हिरवेगार होते. १९६२ साली हा प्रकार प्रथम झाला, तेव्हा १०० पौंड रंग ओतला गेला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. सिडनी, ब्यूनोस आयर्स, लंडन, डब्लिन अशा कितीतरी शहरांत या दिवशी हिरवे कपडे घातलेले लोक रस्त्यावर येतात. आयर्लंडचा संरक्षक संत सेंट पॅट्रिक याचा हा दिवस आहे. सगळे आयर्लंड बेट मिळून लोकसंख्या ७० लाखांच्या थोडी वर. एवढ्याशा भूमीच्या संताचा सण निम्म्या जगाने साजरा करावा याचे अनेकांना नवल वाटते. पण हा सण आयर्लंडने जगाला दिला, ही समजूतच मुळात अपुरी आहे. त्याला आजचे रूप दिले ते आयर्लंड सोडून गेलेल्यांनी. त्याच्या इतिहासात देशांतराची एक मोठी शोकांतिका दडलेली आहे, आणि त्या शोकांतिकेतून उद्‌भवलेला एक प्रश्न आजही सुटलेला नाही.

ज्याच्या नावाने हा सण होतो तो पॅट्रिक आयरिश नव्हता. पाचव्या शतकातला हा माणूस रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये जन्मला. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश लुटारूंनी त्याला पळवून नेले आणि सहा वर्षे त्याने आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून मेंढरे राखली. तेथून तो निसटला, घरी परतला, धर्मोपदेशक झाला, आणि ज्या लोकांनी आपल्याला गुलाम केले त्यांच्यातच पुन्हा जाऊन राहिला. त्याच्या चरित्राभोवती पुढे दंतकथांचे दाट जाळे विणले गेले. त्याने आयर्लंडमधून साप हाकलून दिले असे सांगतात. हिमयुगानंतरच्या आयर्लंडमध्ये साप कधी नव्हतेच. शॅमरॉक या तिपानी रानवनस्पतीच्या साहाय्याने त्याने ख्रिस्ती धर्मातील त्रयीचे तत्त्व समजावून दिले, ही कथाही त्याच्या मृत्यूनंतर हजाराहून अधिक वर्षांनी नोंदली गेली. ज्यांच्या खरेपणाविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही अशी त्याची दोनच लिखाणे उरली आहेत. एक म्हणजे ‘कन्फेशिओ’ हे आत्मनिवेदन. दुसरे एक पत्र आहे, आणि त्यात त्याने नवदीक्षित ख्रिस्ती माणसांना पकडून गुलामीत विकणाऱ्या सैनिकांचा कडक शब्दांत धिक्कार केला आहे. परमुलुखात नेऊन विकला गेलेला, आणि पुढे माणसांच्या विक्रीविरुद्ध उभा राहिलेला हा संत आहे. हिरव्या टोप्यांच्या गर्दीत त्याची ही ओळख बहुधा कोणाला आठवत नाही.

ल्यूक वॉडिंग या वॉटरफर्डच्या फ्रान्सिस्कन विद्वानाच्या खटपटीमुळे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात १७ मार्च हा दिवस चर्चच्या पंचांगात आला. तो लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या व्रताच्या काळात येतो. त्या दिवसापुरता उपवास सुटे, मांसाचा घास मिळे, कोटाला शॅमरॉक टाचून लोक प्रार्थनेला जात. मायभूमीत सणाचा विस्तार कित्येक पिढ्या एवढाच होता. मिरवणुकीची कल्पना परदेशात रुजली. स्पेनच्या ताब्यातील फ्लॉरिडात सेंट ऑगस्टिन येथे १६०१ साली या संताच्या नावाने मिरवणूक निघाल्याची नोंद स्पॅनिश दप्तरांत सापडली आहे. बॉस्टनमध्ये १७३७ साली याच दिवशी स्थापन झालेली चॅरिटेबल आयरिश सोसायटी ही प्रॉटेस्टंट आयरिशांची होती. संकटात सापडलेल्या देशबांधवांना मदत करणे हा तिचा हेतू होता. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ साली ब्रिटिश सैन्यातील आयरिश शिपायांनी सुरू केली असे मानले जाते. म्हणजे आरंभी या सणाला एका पंथाची कड नव्हती. घरापासून दूर असलेल्यांचा तो एक दिवस होता.

पुढे दुष्काळ आला आणि सर्वच बदलले. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला. ज्या गरिबांचे सारे जिणे या एका पिकावर अवलंबून होते, ते सात वर्षांच्या अवधीत होरपळून निघाले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथीच्या रोगांनी मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली ८२ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८५१ च्या शिरगणतीत सुमारे ६५ लाखांवर आली, आणि पुढेही अनेक दशके ती घटतच राहिली. पावणेदोनशे वर्षांनंतरही त्या बेटाने १८४१ चा आकडा पुन्हा गाठलेला नाही. उलट अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ३ कोटी ८६ लाख लोकांनी आपले मूळ आयरिश असल्याचे नोंदवले. एखाद्या देशाचे मनुष्यबळ असे बाहेर वाहून गेल्यावर त्याचा राष्ट्रीय सण बाहेरच घडावा, हे क्रमप्राप्तच म्हटले पाहिजे.

जहाजांतून उतरलेल्या या माणसांचे स्वागत कोणी हार घालून केले नाही. ती गरीब होती, बहुसंख्य कॅथलिक होती, आणि प्रॉटेस्टंट अमेरिकेला त्यांचा धर्म परका व त्यांची निष्ठा संशयास्पद वाटत होती. आयरिशांनी अर्ज करू नये, अशा जाहिराती वृत्तपत्रांत छापल्या जात. १८६७ साली याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये मिरवणुकीतले लोक आणि पोलीस यांची चकमक झाली, तेव्हा टॉमस नॅस्ट या विख्यात व्यंगचित्रकाराने आयरिशांना माकडांच्या तोंडवळ्याचे दांडगे म्हणून रंगवले. अशा वातावरणात भर रस्त्यातून, शिस्तीत, ठेवणीतले कपडे घालून, वाद्यांच्या घोषात चालत जाणे याला उत्सवापलीकडचा अर्थ होता. आम्ही आहोत, पुष्कळ आहोत आणि आम्हांला मते आहेत, असे शहराला बजावण्याची ती रीत होती. शहराने ते ऐकले. पोलीस खाते, अग्निशामक दल, नगरपालिका यांत आयरिश शिरले. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन स्वतः न्यूयॉर्कच्या मिरवणुकीला उपस्थित राहिले आणि १९६० साली केनेडी यांच्या रूपाने आयरिश कॅथलिक कुळातला माणूस राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. आज कौतुकाचे पदार्थ ठरलेले खारवलेले गोमांस आणि कोबीदेखील या स्थलांतरितांच्या वस्तीतच जन्मले. मायदेशी कोबीबरोबर डुकराचे खारवलेले मांस असे. न्यूयॉर्कमध्ये शेजारच्या ज्यू खाटकाकडे स्वस्त मिळे ते गोमांस.

या मिरवणुकीचा भारतीय स्वातंत्र्याच्या चळवळीशीही एकदा संबंध आला. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, ते नाव आयर्लंडच्या मागणीवरून घेतलेले होते; आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा सशस्त्र उठाव झाला. पुढे १९२० साली आयरिश नेते डी व्हॅलेरा अमेरिकेत स्वातंत्र्याचा प्रचार करीत होते. त्या वर्षीच्या न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ या संस्थेचे लोक फेटे बांधून आणि साड्या नेसून चालले. भारत आयर्लंडच्या पाठीशी आहे, असे फलक त्यांच्या हाती होते. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये आर्चबिशप मॅनिक्स यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले चौदा वीर घोड्यांवर बसवून मिरवणूक काढली. साम्राज्यासाठी रक्त सांडलेल्यांच्या साक्षीने साम्राज्याकडे आयर्लंडचे स्वातंत्र्य मागण्याचा तो प्रकार होता. मिरवणुकीचा मार्ग आखणारे केवळ रस्ता आखत नसतात, हे यावरून ध्यानात यावे.

आयर्लंडमध्ये या दिवसाची सार्वजनिक सुटी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने १९२७ साली या दिवशी मद्यालये बंद ठेवण्याचा कायदा केला आणि १९६० च्या कायद्याने ही बंदी उठेपर्यंत परदेशी पाहुण्यांना या सणाचे मायघर कोरडेच आढळे. डब्लिनमध्ये शासनाच्या पुढाकाराने निघणारी मिरवणूक १९३१ सालची, म्हणजे न्यूयॉर्कच्या मागून पावणेदोनशे वर्षांनी आलेली. १९४३ साली याच दिवशी डी व्हॅलेरा यांनी आकाशवाणीवरून भाषण करून काटकसरी, खेड्यांत रमणाऱ्या, आपली भाषा जपणाऱ्या आयर्लंडचे चित्र रेखाटले. प्रत्यक्षात पुढच्या दशकात तीच खेडी रिकामी होत राहिली आणि तरुण मंडळी लंडन, बर्मिंगहॅमच्या गाड्या धरत राहिली. १९९५ साली सरकारने या दिवसाचा मोठा महोत्सव करण्याचे ठरवले आणि पुढील वर्षापासून तो सुरू झाला. देशाची प्रतिमा, पर्यटन आणि व्यापार यांचा हिशेब त्यामागे होता हे उघड आहे. २०१० पासून जगातील प्रसिद्ध वास्तू या दिवशी हिरव्या दिव्यांनी उजळल्या जातात, त्यामागेही तोच हिशेब आहे. परदेशात गेलेल्यांचा सण मायदेशाने परत आयात केला, असेच हे म्हणावे लागेल.

परमुलुखात मिरवणूक काढता येणे ही गोष्ट किती मोलाची आहे, हे जिथे ती बंद पडली तिथे कळते. बर्मिंगहॅममध्ये १९५२ पासून आयरिश वस्ती दर वर्षी मिरवणूक काढीत असे. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी त्या शहरातील दोन मद्यालयांत बॉम्बस्फोट होऊन २१ जण ठार झाले. त्यानंतर आयरिश उच्चार कानी पडताच शेजारी तोंड फिरवू लागले. सहा निरपराध माणसांना जन्मठेप झाली आणि १६ वर्षांनंतर, १४ मार्च १९९१ रोजी, सेंट पॅट्रिकच्या सणाला तीन दिवस असताना न्यायालयाने त्यांना मुक्त केले. शहराची मिरवणूक पुन्हा रस्त्यावर आली ती १९९६ साली. वीस-बावीस वर्षे एक मोठा समाज आपला सण बंद दारांआड करीत होता. काही जणांच्या हिंसेचे प्रायश्चित्त संपूर्ण समाजाला भोगावे लागते, तेव्हा पहिला बळी असा त्याच्या आत्मविश्वासाचा पडतो.

तथापि याच समाजातील काहींनी त्या हिंसेकडे दुरून कौतुकाने पाहिले, हेही नमूद केले पाहिजे. १९८३ साली न्यूयॉर्कच्या मिरवणुकीच्या अग्रभागी आयरिश रिपब्लिकन आर्मीचे उघड समर्थक मायकेल फ्लॅनरी यांना नेमण्यात आले. आयर्लंडच्या सरकारने मिरवणुकीवर बहिष्कार टाकला, आणि फ्लॅनरी कॅथीड्रलसमोरून पुढे जाईपर्यंत कार्डिनल कुक बाहेर आले नाहीत. दूर राहणाऱ्याची देशभक्ती पुष्कळदा कडवी होते, कारण तिचे परिणाम त्याच्या अंगणात उमटत नाहीत. त्याच सणाचा उपयोग पुढे शांततेसाठीही झाला. १९५२ साली आयरिश राजदूताने ट्रूमन यांना शॅमरॉकची एक लहानशी पेटी पाठवली होती. त्यातून वाढलेल्या प्रथेमुळे आयर्लंडचे पंतप्रधान दर मार्चमध्ये व्हाइट हाउसमध्ये जाऊन काचेच्या पात्रातून शॅमरॉक भेट देतात. लहान देशाला दर वर्षी हमखास मिळणारी अशी भेट ही राजनीतीतील मोठी मिळकत आहे. १९९५ साली क्लिंटन यांनी या सोहळ्याला सिन फेनचे गेरी ॲडम्स यांना बोलावले आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये शांतता करार झाला.

या सणाचे सर्वांत अवघड रूप कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेरात या चिमुकल्या बेटावर दिसते. तिथे १७ मार्चला सार्वजनिक सुटी असते. मात्र तो दिवस सणाबरोबर एका बंडाच्याही स्मृतीचा आहे. सतराव्या शतकात तिथे आयरिश मजूर म्हणून आले; कालांतराने त्यांच्यातील काही मळेवाले झाले आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे मालकही झाले. १७६८ साली मालक सेंट पॅट्रिकच्या मेजवानीत दंग असतील हे हेरून गुलामांनी त्याच दिवशी उठाव करण्याचे ठरवले. बेत फुटला आणि नऊ जणांना देहान्त शासन झाले. १९८५ पासून त्या हुतात्म्यांसाठी तिथे सुटी पाळली जाते. एका गुलामाच्या नावाचा सण मालकांनी साजरा करावा आणि त्याच दिवशी गुलामांनी मुक्तीचे स्वप्न पाहावे, यातील विसंगती इतिहासाने स्वतःच लिहून ठेवली आहे. पीडितांचे वंशज पीडा देऊच शकत नाहीत, या सोयीस्कर समजुतीला हे बेट दर वर्षी उत्तर देते.

मिरवणुकीत कोणी चालावे हा प्रश्न त्यामुळे गौण राहत नाही. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये समलिंगी आयरिशांचा एक गट महापौर डिंकिन्स यांच्यासमवेत चालला, तेव्हा प्रेक्षकांतून त्यांच्यावर शिव्यांचा आणि बिअरच्या डब्यांचा वर्षाव झाला. पुढे या गटाला मज्जाव झाला. बॉस्टनचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ साली न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, खासगी संयोजकांनी आपल्या मिरवणुकीतून कोणता विचार मांडावा हे सरकार ठरवू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य असू शकेल. परंतु कायद्याने दिलेला अधिकार शहाणपणाने वापरला असे त्यातून सिद्ध होत नाही. २०१४ साली गिनेस आणि हायनेकन या बिअर कंपन्यांनी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीला दिलेला आश्रय काढून घेतला आणि पुढील वर्षी दोन्ही शहरांनी दार किलकिले केले. तत्त्वाने जे साधले नाही ते पैशाने साधले, हे फारसे भूषणावह नव्हे.

२०१८ साली आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर न्यूयॉर्कच्या त्याच रस्त्यावरून आपल्या सहचराबरोबर चालले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे. वैद्यकीच्या व्यवसायासाठी परदेशी गेलेल्या एका कोकणी मराठी डॉक्टरचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान होतो, शॅमरॉकचे पात्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये जातो आणि ज्या मिरवणुकीने त्याच्यासारख्यांना पाव शतक बाहेर ठेवले तिच्यात मानाने चालतो, ही घटना महाराष्ट्राने केवळ अभिमानाने मिरवण्याची नाही. एका समाजाने आपल्या व्याख्येची कुंपणे किती मागे सरकवली, याची ती खूण होती.

ती कुंपणे पुन्हा पुढे सरकणार नाहीत याची मात्र शाश्वती नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडमधील दर पाच रहिवाशांपैकी एक परदेशात जन्मलेला आहे. घरे अपुरी आहेत, भाडी भरमसाट आहेत आणि या रोषाला तोंड फोडण्यासाठी परका माणूस सहज हाताशी सापडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये दंगल उसळली. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले. भारतीय वकिलातीला सावधगिरीची सूचना काढावी लागली आणि डब्लिनमधील भारत दिनाचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. एका स्थलांतरित समाजाला भयापोटी आपला सण आवरता घ्यावा लागतो म्हणजे काय, हे बर्मिंगहॅमचा अनुभव असलेल्या राष्ट्राला कोणी शिकवायला नको. या हल्ल्यांचा तेथील राष्ट्राध्यक्षांनी तीव्र निषेध केला आणि असंख्य सामान्य नागरिकांनाही त्यांची लाज वाटली, हे खरे. परंतु आठवण ही आपोआप शहाणपण देत नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने कामाला लावावी लागते.

या आयरिश अनुभवात भारतीयांनाही घेण्याजोगे पुष्कळ आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८१ पासून भारतीयांचीही दर ऑगस्टमध्ये मिरवणूक निघते. तिचा साचा आयरिशांनीच घालून दिलेला आहे आणि वादही त्याच जातीचे आहेत. २०२४ साली राममंदिराच्या चित्ररथावरून झालेला वाद ताजाच आहे. आपला समाज म्हणजे कोण, त्याच्या नावाने कोणी बोलावे, आणि दूर राहून मायदेशाच्या भांडणांत कोणती बाजू घ्यावी, हे प्रश्न परदेशस्थ भारतीयांपुढे आज उभे आहेत. आयरिशांनी त्यांची उत्तरे अडीचशे वर्षे रस्त्यावर शोधली. पुष्कळदा चुकली, काही वेळा सुधारली. मायदेशी भारतातही परप्रांतीय म्हणून कोणाला तरी हिणवण्याची हौस अधूनमधून उसळते, तेव्हा आपलीही मुले कुठेतरी परप्रांतीय आहेत याचा विसर पडलेला असतो.

मिरवणुकीचे बळ केवळ चालणाऱ्यांच्या संख्येवर मोजायचे नसते. ती कोणाला सामावून घेते यावरही ते मोजायचे असते. नदी हिरवी करणे सोपे आहे, त्याला काही शेर रंग पुरतो. ज्या संताच्या नावाने हे सारे चालते तो परदेशातून बळजबरीने आणलेला गुलाम होता आणि आयर्लंडने त्यालाच आपला म्हटले. डब्लिनच्या रस्त्यावर रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या परिचारिकेला किंवा टॅक्सीचालकाला निर्भयपणे चालता आले, तर त्या संताचा सण खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.